कोलंबोतले डॉलर, लासलगावचा कांदा आणि भांडी बाजारातली उधारी

गोदाकाठ, रविवार रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. गेली बावीस वर्षं नाशिकात हिशेब लिहायचं काम करतोय. भांडी बाजारातली दोन दुकानं, अंबड-सातपूरचे जॉबवर्कवाले (दुसऱ्या कारखान्यांना सुटे भाग करून देणारे), लासलगाव आणि पिंपळगावचे कांदा व्यापारी, एक ट्रान्सपोर्टवाला, अशी तीसेक खाती माझ्याकडे आहेत. जगात कुठे बँक बुडाली, कुठल्या देशाचं दिवाळं निघालं की टीव्हीवर सेन्सेक्स दाखवतात. मला त्याचा परिणाम दुसरीकडे दिसतो आणि तो कुठेतरी लिहून ठेवावा असं बरेच दिवस मनात होतं. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मला सांगायचंय ते एवढंच की संकट आपल्या जिल्ह्यात पहिल्यांदा उधारीच्या मुदतीत शिरतं. विक्रीचा आकडा नंतर पडतो, दुकानाचं शटर त्याच्याही नंतर. तीस दिवसांनी येणारे पैसे पंचेचाळीसवर जातात, मग साठवर, मग नव्वदवर. माल आहे, गिऱ्हाईक आहे, भावही ठरलाय, पण पैसा वाटेत कुठेतरी थांबलाय. ज्याच्याकडे थांबलाय तो दर वेळी लबाड असतो असंही नाही. त्याचा पुढच्याकडे थांबलेला असतो.

२०२२ चं उदाहरण घ्या, ते मी पहिल्या दिवसापासून बघितलं. माझा लासलगावचा एक व्यापारी वर्षानुवर्षं कोलंबोला कांदा पाठवतो. सकाळी लिलावात माल घ्यायचा, शेतकऱ्याला लगेच पैसे द्यायचे, खळ्यावर निवड आणि पॅकिंग करायचं, न्हावा शेव्याला कंटेनर लावायचा. एका कंटेनरमध्ये साधारण २८-२९ टन. माल पोचला की तिकडचा आयातदार बँकेत पैसे भरणार, डॉलर इकडच्या बँकेत येणार, व्यापाऱ्याची सीसी, म्हणजे बँकेनं धंद्यासाठी ठरवून दिलेली उचल, मोकळी होणार आणि तो परत लिलावात उभा राहणार. शेतकऱ्याला दिलेला पैसा सीसीतून जातो आणि परदेशातून आलेल्या पैशानं ती सीसी भरून निघते. हे चाक फिरत राहिलं तरच धंदा.

मार्च २०२२ मध्ये कोलंबोच्या आयातदाराचा फोन आला. जुनी ओळख म्हणून आमच्या माणसानं कागदपत्रं उधारीवर सोडलेली, म्हणजे पैसे यायच्या आधीच माल ताब्यात दिलेला. कांदा तिकडे विकलाही गेला होता. आयातदाराकडे पैसे होते, पण श्रीलंकन रुपयात, आणि त्याच्या बँकेकडे द्यायला डॉलरच नव्हते. २०१९ च्या ईस्टरला झालेल्या बॉम्बस्फोटांनी आणि पाठोपाठ कोविडनं तिथलं पर्यटन बसलं होतं, २०१९ च्याच अखेरीस सरकारनं कर भरमसाट कमी केले होते आणि परदेशी कर्जाचे हप्ते डोक्यावर होते. १२ एप्रिल २०२२ ला त्यांनी परदेशी कर्जफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. मार्चच्या सुरुवातीला डॉलरला साधारण २०० श्रीलंकन रुपये पडत होते, मे महिन्यात ३६० च्या घरात गेले. त्या आयातदाराचं देणं बसल्या जागी पाऊणपट वाढलं. तो फोन उचलत होता, खोटं बोलत नव्हता, पण त्याच्या हातात काही नव्हतं.

तीन कंटेनरचे पैसे अडकले. तिसऱ्या आठवड्यात सीसी पुरी उचलून झाली आणि आमच्या माणसानं बोली लावणं बंद केलं. खळ्यावर निवड करणाऱ्या बायकांना आठवड्यातून तीनच दिवस काम मिळू लागलं. बारदानवाल्याचा माल पडून. ट्रान्सपोर्टवाल्याचं खातं माझ्याकडेच असल्यामुळे एका वहीतला खड्डा मला दुसऱ्या वहीत लगेच सापडतो. त्यानं त्या महिन्यात टायर उधारीवर घेतले. माझ्याकडे त्याचं खातं आल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.

आता भांडी बाजार. निफाड, चांदवड, येवल्याकडची लग्नाची गिऱ्हाइकं एप्रिल-मेमध्ये भांडी नेतात आणि "कांदा विकला की देतो" म्हणतात. पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय. आमचे शेठ उधारी लिहिली की नावापुढे गिऱ्हाइकानं सांगितलेली तारीख पेन्सिलीनं लिहितात. पेन्सिल अशासाठी की बदलावी लागली तर समोरच्याला कमीपणा वाटू नये. त्या वर्षी वहीची उजवी बाजू खोडून खोडून काळवंडली होती. एका नावापुढे आधी अक्षय्य तृतीया होती, मग वटपौर्णिमा, मग पोळा. शेवटी दिवाळी लिहिलेली दिसली आणि दिवाळीला निम्मे पैसे आले. तोवर शेठनी मालाची पुढची ऑर्डर निम्म्यावर आणली होती आणि दुकानातल्या दोन पोरांपैकी एकाला गणपतीनंतर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. त्या पोरानं कोलंबो नकाशावरही पाहिलं नसेल.

दुसरी एक गोष्ट सांगतो. नाशिकला तीन खिसे आहेत: शेतीचा, एमआयडीसीचा आणि बांधलेल्या पगाराचा. तिसऱ्यात नोटांचा प्रेस, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, देवळालीचं तोफखाना स्कूल, रेल्वे, शाळा-कॉलेजं आली. तिन्ही एकदम रिकामे झाले असं क्वचित होतं. १५ सप्टेंबर २००८ ला तिकडे लेहमन ब्रदर्स बुडाली, त्यानंतरच्या हिवाळ्यात अंबड-सातपूर ओस पडलं होतं. पण त्याच वर्षी केंद्राची शेतकरी कर्जमाफी आली होती आणि सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी नोकरदारांच्या हातात पडली होती. सिडकोतला माझा एक हार्डवेअरवाला रडत होता आणि नाशिकरोडचा फर्निचरवाला त्याच दिवाळीत हसत होता. शहर एकच, अंतर दहा-बारा किलोमीटर.

रिझर्व्ह बँकेनं तेव्हा रेपो दर (ज्या दरानं ती बँकांना कर्ज देते तो) ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या सहा-सात महिन्यांत ९ टक्क्यांवरून ४.७५ वर आणला. डिसेंबरमध्ये सरकारनं एक्साइज (कारखान्यातल्या मालावरचा कर) सरसकट ४ टक्क्यांनी कमी केली, फेब्रुवारीत आणखी २. गाड्यांची मागणी त्यानं परत आली असं मला वाटतं, कारण २००९ च्या पावसाळ्यात जॉबवर्कवाल्यांची बिलं पुन्हा जाड व्हायला लागली. पण मधले सात-आठ महिने ज्यांनी काढले त्यांचं काय झालं, ते त्यांनीच लिहावं.

तुमच्याकडे काय दिसलं? शेतकरी, कारखानदार, दुकानदार, घर चालवणारे, सगळ्यांनी लिहा. आकडे नसले तरी चालतील, काय बघितलं ते सांगा.

—

चाळीतला कांदा, रविवार रात्री १०.४०

गोदाकाठ भाऊ, तुमच्या त्या पेन्सिलीच्या वहीत माझंही नाव निघेल कदाचित. निफाड तालुका, साडेचार एकर.

मे २०२२ चं माझं सांगतो. उन्हाळ कांदा काढला, माल चांगला होता. पहिली ट्रॉली २२ क्विंटल, भाव लागला ८५०. हातात १८ हजार ७०० रुपये. त्यातून ट्रॅक्टरचं भाडं, भरणाऱ्यांची मजुरी गेली. गोल्टी (बारीक कांदा) आणि खाद (खराब माल) वेगळी विकली, ती कोणी फुकट नेली म्हटलं तरी चालेल अशा भावात. शेजारचे म्हणाले, कांदा साठवायच्या चाळीत भर, दिवाळीपर्यंत थांब. मी अर्धा भरला. अर्धा विकावाच लागला. त्याचं कारण शहरातल्या लोकांना माहीत नसतं म्हणून लिहितो.

सोसायटीचं पीककर्ज ३० जूनच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही. तारीख चुकली तर सवलत गेली आणि पुढचं कर्जही अडलं. सोयाबीनचं बी, खत, पोराची अकरावीची फी, सगळं जूनमध्येच येतं. म्हणजे ज्या महिन्यात आवक सगळ्यात जास्त आणि भाव सगळ्यात कमी, त्याच महिन्यात पैसा लागतो. ज्याच्याकडे थांबायची ऐपत असते तोच चाळीचा फायदा घेतो. आणि चाळीत ठेवलेलं सगळं टिकतं असंही नाही. मी ऑगस्टच्या शेवटी कड उघडली तर खालच्या थराला पाणी सुटलेलं. वास घरापर्यंत आला. तीन दिवस आम्ही नवरा-बायको नाकाला फडकं बांधून सडका कांदा वेगळा करत होतो. चाळीत भरलेल्यातला तिसरा हिस्सा उकिरड्यावर गेला.

नोटाबंदीचंही लिहितो. ८ नोव्हेंबर २०१६ ची घोषणा झाली आणि १४ तारखेला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी आली. शहरात लोक रांगेत तरी उभे राहू शकत होते. आमच्या गावात दुसरी बँकच नव्हती, सगळ्यांची खाती जिल्हा बँकेत. मार्केटला रोख बंद होऊन चेक सुरू झाले. माझा ४१ हजारांचा चेक एकदा परत आला, दुसऱ्यांदा भरला तेव्हा एकोणीस दिवसांनी वटला. त्या एकोणीस दिवसांत कांदा लागणीच्या बायकांना मी मजुरी म्हणून गहू दिले. त्यांनी घेतले, कोणी तक्रार केली नाही, पण माझी मान वर होत नव्हती.

—

अंकगणित, सोमवार सकाळी ८.०५

धागा चांगला आहे, पण एका ठिकाणी थांबतो. मूळचा पंचवटीचा, आता पुण्यात बँकेत आहे.

२०२२ च्या भावाचं खापर कोलंबोवर फोडणं मला पटत नाही. त्या वर्षी देशातलं कांदा उत्पादन ३०० लाख टनांच्या पुढे होतं आणि २०२१-२२ ची निर्यात १५ लाख टनांच्या आसपास. म्हणजे शंभरातले पाच कांदे बाहेर जातात. त्यातही श्रीलंका हे एक गिऱ्हाईक, आणि बांगलादेश तिच्याहून मोठं. उत्पादन जास्त झालं म्हणून भाव पडला, एवढं सरळ आहे. शिवाय भाव पाडायला परदेशातलं संकटच लागतं असंही नाही. ८ डिसेंबर २०२३ ला आपल्याच सरकारनं निर्यातबंदी केली, ती ४ मे २०२४ ला उठली. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतं. तेव्हा कोलंबोतही डॉलर होते आणि दुबईतही.

—

गोदाकाठ, सोमवार दुपारी १.३०

अंकगणितसाहेब, आकडे बरोबर आहेत आणि उत्पादनाचा मुद्दा मान्य. आवक हेच मोठं कारण होतं. मी आधी तसं लिहायला हवं होतं.

पण पाच टक्के हा देशाचा हिशेब झाला. लिलावात भाव ठरतो तो ट्रॉलीभोवती उभ्या असलेल्या माणसांवर. एका ट्रॉलीपुढे बारा व्यापारी उभे असतात, त्यातले तिघे निर्यातीचा माल बघत असतात. चांगल्या आकाराच्या, गडद रंगाच्या, पत्ती न सुटलेल्या मालावर हेच तिघे बोली चढवतात. ते गप्प बसले की उरलेले नऊ जण सावकाश, पन्नास-पन्नास रुपयांनी कमी बोलतात, कारण स्पर्धाच नसते. चांगला माल मग मध्यम मालाच्या भावात जातो आणि मध्यम माल आणखी खाली. मी स्वतः त्या आवारात उभं राहून हे पाहिलंय. देशाच्या निर्यातीत नाशिकच्या कांद्याचा वाटा मोठा, त्यामुळे निर्यातदाराचा हात आखडला तर सगळ्यात आधी आपल्या बाजार समित्यांत कळतं.

बांगलादेशचं अगदी खरं. २०२२-२३ मध्ये तिथेही डॉलरची ओढाताण झाली, तिथलं चलन टाका घसरलं, बँका एलसी (आयातदाराच्या वतीनं पैसे देण्याचं बँकेचं हमीपत्र) उघडायला वेळ लावत होत्या. माझ्या पिंपळगावच्या व्यापाऱ्यानं तेव्हा शिकून ठेवलं: तिकडच्या बँकेची एलसी असेल तरी आपल्या बँकेची हमी त्यावर घ्यायची, नाहीतर आगाऊ पैसे. दोन्ही नसेल तर माल भरायचा नाही. त्यामुळे त्याचा धंदा कमी झाला, पण अडकला नाही.

निर्यातबंदीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. जे नुकसान परदेशातल्या संकटानं व्हायचं तेच आपल्या हातानं झालं. माझ्या वहीत दोन्ही वर्षांची पानं सारखीच दिसतात.

—

अंबडचा व्हीएमसी, सोमवार रात्री ९.५५

२००८ चं मी सांगतो, तेव्हा माझ्यावर बेतलं होतं.

जून २००८ मध्ये मी एक व्हीएमसी मशीन (संगणकावर चालणारं, धातू कापून पार्ट करणारं) घेतलं. २६ लाख, त्यातले २० लाख बँकेचे. गाड्यांचे पार्ट करायचो, एका मोठ्या व्हेंडरसाठी, जो पुढे गाडीच्या कंपनीला द्यायचा. तीन शिफ्ट चालू होत्या. ऑक्टोबरमध्ये शेड्यूल, म्हणजे महिन्याला किती पार्ट हवेत ती मागणी, तीस टक्के कमी आलं. नोव्हेंबरमध्ये निम्मं. डिसेंबरात कंपनीनं ब्लॉक क्लोजर (काही दिवस कारखाना पूर्ण बंद) जाहीर केला आणि शेड्यूलचा ईमेलच आला नाही. आठवडाभर मी रोज सकाळी तो उघडून बघायचो.

गोदाकाठांनी उधारीच्या मुदतीचं लिहिलंय ते असं घडतं: व्हेंडर साठ दिवसांत पैसे द्यायचा. काम कमी झाल्यावर निदान जुने पैसे तरी येतील अशी माझी अपेक्षा होती. झालं उलट. त्याच्याकडे नवी बिलं नव्हती म्हणून बँकेनं त्याची कर्जाची मर्यादा कमी केली, मग त्यानं आमची जुनी बिलं धरून ठेवली. साठचे एकशे तीस दिवस झाले. काम नसताना हप्ता चालू, वीजबिलाचा स्थिर आकार चालू, गाळ्याचं भाडं चालू.

पहिल्यांदा ओव्हरटाइम बंद केला. मग रात्रपाळी. कंत्राटी पोरं गेली, बिहार आणि यूपीची होती, चुंचाळे शिवारात खोल्या घेऊन राहायची. एका खोलीत सहा जण. ती गेली तशा खोल्या रिकाम्या झाल्या, त्यांची खानावळ बंद पडली, कोपऱ्यावरचा पोहेवाला आठच्या आत घरी जायला लागला. माझे चार कायम कामगार होते, त्यांना मी अर्ध्या पगारावर ठेवलं. त्यातल्या एकानं, सगळ्यात जुन्या माणसानं, मला विचारलं की मशीन बंद असताना मी रोज तेल लावून पुसून ठेवू का, गंज चढेल. पगाराबद्दल बोलला नाही. पाच महिने तो रोज यायचा, मशीन पुसायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. तो आजही माझ्याकडे आहे.

बायकोच्या पाटल्या आणि गोठ गहाण टाकून हप्ते भरले. मे २००९ पासून शेड्यूल परत आलं. व्याजदर खाली आल्याचा उपयोग झाला का म्हणाल, तर मला थेट नाही, माझा दर बँकेनं सहा महिन्यांनी कमी केला. पण गाड्या घेणाऱ्यांना कर्ज स्वस्त झालं आणि तिथून मागणी वर आली, हे नक्की.

२०१९ च्या वाहन मंदीत माझ्यावर कर्ज नव्हतं. तेवढ्याच कारणानं मी त्या वर्षी रात्री झोपत होतो.

—

दिंडोरीची बाग, सोमवार रात्री ११.२०

कोणी वाइनच्या द्राक्षांबद्दल लिहिलं नाही म्हणून थोडक्यात.

२००१ च्या वाइन धोरणानंतर आमच्याकडे पुष्कळांनी कॅबर्ने, शिराझ लावली. करार होते. २००८ च्या हिवाळ्यात जगभर मंदी, त्यात २६ नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं रिकामी. वाइनरीच्या टाक्या जुन्या वाइननं भरलेल्या, नवा माल घ्यायला जागा नाही. ज्या वाइनरीशी आमचा करार होता तिनं त्या हंगामात निम्माच माल उचलला आणि त्याचे पैसे दीड वर्षानं दिले.

वाइनचं द्राक्ष खायच्या बाजारात विकता येत नाही. मणी बारीक, बी असतं, बेदाणाही होत नाही. थॉमसनवाल्याला (खायची बिनबियांची द्राक्षं लावणाऱ्याला) निर्यात नाही जमली तर मुंबई आहे, कोलकाता आहे, बेदाणा आहे. आम्हाला एकच दार होतं. माझ्या वडिलांनी दोन एकर बाग तोडली. सहा वर्षांची बाग. त्या दिवशी ते शेतात थांबले नाहीत, नाशिकला निघून गेले.

—

सुईदोरा, मंगळवार दुपारी ३.१५

मी इंदिरानगरमध्ये ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. वीस वर्षं झाली. व्यापारातलं मला कळत नाही, पण बायका कुठे हात आखडतात ते दिसतं.

पहिल्यांदा लोक नवीन साडी घ्यायचं थांबवतात असं वाटतं ना? तसं होत नाही. लग्न असलं की साडी घेतली जाते, ब्लाउज शिवायला टाकला जातो. न्यायला मात्र येत नाहीत. साधारण वर्षात माझ्या दोरीवर पाच-सहा न नेलेले ब्लाउज असतात. २०२० च्या दिवाळीत चौतीस होते. प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली, नाव, माप, शिलाई साडेतीनशे किंवा चारशे. फोन केला की "येते ताई दोन दिवसांत". मी जास्त फोन केले नाहीत. समोरच्या बाईलाही माहीत असतं की चारशे रुपये नाहीत म्हणून ती येत नाहीये, आणि मलाही. काही ब्लाउज मी दोन वर्षांनी दिले, तोवर माप बदललेलं, परत उसवून द्यावे लागले.

मग अस्तराचं कापड हलकं होतं. मग डिझाइनचा गळा नको, साधाच द्या. मग जुन्या ब्लाउजला बाही जोडून द्या. मुलांच्या ट्यूशनची फी सगळ्यात शेवटी थांबते, माझ्या गिऱ्हाइकांत एकीनं मंगळसूत्र मोडलं पण मुलीचा अकरावीचा क्लास थांबवला नाही.

आमची बारा जणींची भिशी होती, महिना दोन हजार. जिनं पहिल्या महिन्यात उचल घेतली तिच्या नवऱ्याची सातपूरची नोकरी गेली. तिला पुढचे हप्ते भरता येईनात. आम्ही बसलो आणि ठरवलं की तिचे हप्ते बाकीच्यांनी वाटून घ्यायचे, तिनं जमेल तसे परत करायचे. दोघींना ते पटलं नाही, त्या पुढच्या भिशीत आल्या नाहीत. त्यांचंही चूक नव्हतं. त्यांनाही घर होतं. तिनं शेवटचे पैसे २०२२ च्या संक्रांतीला आणून दिले, हळदी-कुंकवाच्या ताटात.

—

नवखा_नाशिकरोड, मंगळवार रात्री ८.३०

सुईदोरा ताई, वाचून गलबललो.

गोदाकाठ काका, एक विचारायचं होतं. वडिलांची रिटायरमेंटची रक्कम एका पतसंस्थेत आहे, आठ लाख. सध्या काढायला गेलं की पुढच्या महिन्यात या म्हणतात. पाच लाखांपर्यंत विमा असतो ना? आणि अंबडच्या काकांसारखे ज्यांचे पैसे मोठे व्हेंडर अडकवतात त्यांच्यासाठी आता काही कायदा आहे का? माझा मोठा भाऊ सिन्नरला मुसळगावला जॉबवर्क करतो.

—

गोदाकाठ, मंगळवार रात्री १०.५०

आधी वडिलांचं, कारण ते तातडीचं आहे. पाच लाखांचं विमासंरक्षण बँकेतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात आल्या. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एक लाखाचं पाच लाख झालं. पतसंस्था ही बँक नाही, तिच्या ठेवींना हे संरक्षण नाही. पावतीवर "को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी" असं काही आहे का ते आज रात्रीच बघा. असेल तर तोंडी मागू नका. ठेवीची मुदत संपली असेल तर रक्कम परत मिळावी असा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि पंधरा दिवसांत काही झालं नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात त्या पोचीसह तक्रार द्या. "पुढच्या महिन्यात या" हे वाक्य मी ज्या ज्या संस्थेबद्दल ऐकलं, तिथे आधी अर्ज देणाऱ्यांना थोडे तरी पैसे मिळाले. नूतनीकरण मात्र कोणी कितीही गोड बोललं तरी करू नका. व्याज दोन टक्के जास्त देतो असं आत्ता कोणी म्हणालं, तर तेच घाबरण्याचं कारण समजा.

आता भावाचं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर आधी करा, फुकट होते. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. हे कलम पूर्वीही होतं, पण गिऱ्हाईक तुटेल म्हणून कोणी वापरत नव्हतं. आयकरातला नवीन बदल जास्त उपयोगी पडतोय: आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून कलम ४३ब (एच) लागू झालं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी दाखवता येतो. मार्च अखेरीला मला व्हेंडरांच्या अकाउंट्स खात्यातून स्वतःहून फोन यायला लागले, "तुमच्या पार्टीचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा" म्हणून. माझ्या तीन जॉबवर्कवाल्यांचे नव्वदचे दिवस पन्नासच्या आसपास आले. पण भावाला सांगा, बिलावर उद्यम क्रमांक छापून घे आणि वर्गवारी (सूक्ष्म की लघु) लिही.

एक वाईट वाटतं. हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. भांडी बाजारातल्या माझ्या शेठसारखा नुसता खरेदी-विक्री करणारा व्यापारी यात बसत नाही. आणि सुईदोरा ताईंच्या दोरीवरच्या चौतीस ब्लाउजना तर कुठलंच कलम लागत नाही.

अंबडच्या दादा, तुमच्या त्या मशीन पुसणाऱ्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

—

चाळीतला कांदा, बुधवार सकाळी ६.१०

लिलावाला निघालोय, ट्रॉली रात्रीच भरून ठेवली. नवखा भाऊ, वडिलांचा अर्ज आजच द्या, उद्यावर टाकू नका. माझ्या चुलत्यांनी टाकला होता.

गोदाकाठ भाऊ, भांडी बाजारातल्या त्या दुकानाचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा. बहिणीच्या लग्नाची भांडी २०२२ ला तिथूनच नेलीत असं आई म्हणते. माझ्या हिशेबानं आमच्याकडून अकराशे रुपये यायचे राहिलेत, वहीत बघून सांगा.